कनौजच्या मातीचा वास

मे महिन्यात उत्तर प्रदेशात कोणी फिरायला जाते का, असे आम्हाला चिपळूण स्टेशनवरच दोघांनी विचारले. ईद नुकतीच झाली होती. २०२२ साल. बरोबर अम्मी, त्यांचे गुडघ्याचे पट्टे, पाण्याच्या सहा बाटल्या आणि डब्यात शेवया. कुठे चाललात, याचे उत्तर आम्ही ‘कानपूरला, नातेवाइकांकडे’ असे देत होतो. कनौजमध्ये आमचे कोणीही नाही. ‘अम्मींना वास येत नाही म्हणून अत्तराच्या गावी चाललो आहोत’ हे सांगितले असते तर लोक हसले असते, आणि त्यांना हसण्याचा हक्क होता.

एप्रिल २०२१ मध्ये अम्मींना ताप आला. घरात चौघांना आला, पण वास सगळ्यात आधी अम्मींचा गेला. उकळणारे दूध उतू जाऊन करपले आणि त्या शेजारीच उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत येईल. बाकीच्यांचा आलाही. अम्मींचा आला तो उलटा. फोडणीतला कांदा त्यांना जळक्या टायरसारखा लागू लागला, चहा गटारासारखा. मग तोही गेला आणि काहीच उरले नाही.

तेव्हा आम्हाला वाटायचे, त्या थोडे वाढवून सांगतात. हे कबूल करायला आता लाज वाटते. तापाने थकल्या आहेत, मन लागत नाही, म्हणून जेवण नको म्हणतात, असा आमचा समज. पुढे कळले की हे दुखणे खरोखर असेच वागते. कोरोनाचा विषाणू नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींवर थेट हल्ला करत नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर करतो, आणि शेजारी कोसळला की घर मोडते. पुन्हा जोडताना तारा चुकीच्या जागी लागल्या तर कांद्याचा टायर होतो.

मग २२ जुलै आला. चिपळूणकरांना त्या तारखेचे वर्णन नको. वाशिष्ठीचे पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता, त्यात कोठीतले तांदूळ, गाद्या, कुठून तरी वाहत आलेली मेलेली कोंबडी. आम्ही दोघे नाकाला ओढणी आणि रुमाल बांधून आत जायचो आणि पाच मिनिटांत ओकत बाहेर यायचो. अम्मी आत बसून फावड्याने चिखल ओढत होत्या. नाकाला काही बांधलेले नव्हते. तीन दिवस त्यांनीच घर साफ केले. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘तुमच्यावर तर मेहेरबानीच झाली म्हणायची.’ अम्मी काही बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, ‘अब्बांच्या कपाटात पाणी गेलं का बघा.’

अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली होती. ते मुंबईला गेले की मोहम्मद अली रोडवरून मातीच्या अत्तराची एक छोटी शिशी आणत. जुम्म्याला कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवत. ती शेवटची शिशी रिकामी झाली तरी अम्मींनी जपली होती. बूच उघडायचे, हुंगायचे, बंद करायचे. पुरात ती शिशी वाचली. पण आता अम्मी बूच उघडत आणि लगेच लावून टाकत. एकदा म्हणाल्या, ‘त्यांचा चेहरा फोटोत आहे. आवाज मोबाईलमध्ये आहे. वास कुठे ठेवलाय मी?’

रत्नागिरीच्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास थोडा थोडा वेळ, आणि हुंगताना तो पदार्थ मनात आणायचा. ही पद्धत जर्मनीतले डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडली. अम्मींनी ती फज्र आणि इशाच्या नमाजेला जोडून टाकली, म्हणजे चुकायची नाही. आठ महिने केली. वहीत रोज चार रकाने, आणि बहुतेक रकान्यांत एक आडवी रेघ. डॉक्टरांनीच सहज म्हटले की ओळखीचा, जिव्हाळ्याचा वास असेल तर तोही वापरून बघा. म्हणून मातीचे अत्तर. आणि मातीचे अत्तर म्हणजे कनौज.

कानपूरहून कनौज साधारण ८० किलोमीटर. बसच्या खिडकीतून येणारी हवा भट्टीसारखी होती. गाव आज पाहिले तर विश्वास बसत नाही की सातव्या शतकात ही सम्राट हर्षाची राजधानी होती आणि चीनहून आलेला ह्युएन त्संग इथे राहून गेला. उघडी गटारे, विजेच्या तारांची जाळी, ई-रिक्षा. आणि मग बडा बाजारच्या गल्लीत वळलो तेव्हा आम्ही दोघे एकदम थांबलो. केवडा, खस, हिना, चंदन, सगळे एकमेकांत मिसळून अंगावर आले. अम्मी आमच्याकडे बघत होत्या. आमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळले की इथे काहीतरी आहे. आम्ही चेहरे आवरले, पण उशीर झाला होता.

अत्तर मुसलमानांच्या घरात शोभेची वस्तू नाही, हे वाचकांना सांगायला नको. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना या दुनियेतल्या ज्या गोष्टी प्रिय होत्या त्यांत सुगंध होता. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, असे त्यांनी सांगितले. आणि रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहपाशी कस्तुरीपेक्षा उत्तम आहे, असेही सांगितले. ही शेवटची हदीस आपण रमजानमध्ये इतकी ऐकतो की तिच्यातला पेच लक्षात येत नाही. आपल्या नाकाला जो वास नकोसा वाटतो तो दुसऱ्या दरबारात कस्तुरी ठरतो. म्हणजे वास चांगला की वाईट, हा निकाल नाकाच्या हातात शेवटपर्यंत नाहीच.

ज्या कारखान्यात आम्ही गेलो तो एका जुन्या वाड्याच्या अंगणात होता. काम ज्या तऱ्हेने चालते ती तऱ्हा शेकडो वर्षांत फारशी बदललेली नाही. विटांच्या चुलीवर तांब्याची मोठी डेग. तिच्यात फुले आणि पाणी. झाकणाच्या कडा माती आणि कापूस कालवून लिंपलेल्या. झाकणातून एक बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात, वरून सुतळी गुंडाळलेली. ही नळी उतरते लांब मानेच्या तांब्याच्या भपक्यात. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला, आणि त्याच्या पोटात आधीच चंदनाचे तेल. फुलांची वाफ नळीतून येते, भपक्यात थंड होते, पाणी खाली राहते आणि सुगंध चंदनाला धरून बसतो. पाणी काढून टाकायचे, पुन्हा नवी फुले, पुन्हा तेच. दहा-पंधरा दिवस. यात अल्कोहोलचा थेंब नाही, म्हणून नमाजी माणूस निर्धास्त वापरतो. मात्र चंदन इतके महाग झाले आहे की बाजारातल्या स्वस्त शिशीत चंदनाऐवजी पॅराफिन असते. मालकांनी हे स्वतःच सांगितले, आणि आम्ही न विचारता सांगितले म्हणून आमचा विश्वास बसला.

कुठे थर्मामीटर नाही. घड्याळ नाही. कारीगर चाचा पाण्यात हात घालून भपक्याला स्पर्श करतात, डेगेला कान लावतात, आणि आच कमी करा म्हणतात. त्यांचे वय सत्तरच्या पुढे असावे. जाळायला लाकडे आणि गोवऱ्या.

गुलाबाचा हंगाम संपला होता, बेला, म्हणजे आपला मोगरा, चालू होता. गुलाबाचा हिशेब ऐकून आम्ही गप्प झालो. चंदनाशिवाय नुसते गुलाबतेल एक किलो काढायचे तर ३ ते ४ हजार किलो फुले लागतात. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँने लावला अशी कथा आपण ऐकतो. खुद्द जहांगीर बादशाहने मात्र आपल्या आत्मचरित्रात हा मान तिच्या आईला, अस्मत बेगमला दिला आहे. गुलाबपाणी करताना वर जमलेली साय त्या बाईने टाकून न देता गोळा केली. आईचे श्रेय लेकीच्या नावावर गेले. अम्मींना ही गोष्ट फार आवडली. त्याही आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदी यांनी अत्तराच्या रसायनावर आणि ऊर्ध्वपातनावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. तत्त्वज्ञ माणूस, पण त्याला भपका कमीपणाचा वाटला नाही.

मातीचे अत्तर कोपऱ्यातल्या डेगेत होते. कुंभाराकडून भाजून आणलेल्या मातीच्या चकत्या, शेजारी त्यांचा ढीग. त्या फोडून डेगेत घालायच्या, पाणी घालायचे आणि वाफ काढायची. पहिल्या पावसाचा वास बाटलीत भरण्याची ही युक्ती पावसाच्या आधीच्या कडक उन्हातच करतात. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियाच्या दोघा शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. उन्हाळाभर हवेतले तेलकट अंश दगडमातीत मुरतात आणि पाणी पडताच सुटतात, असे त्यांचे म्हणणे. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हे कधीपासूनच विकत आहेत, हे त्यांना माहीत होते. ओल्या मातीच्या वासात आणखी एक पदार्थ असतो, जिओस्मिन, मातीतले जिवाणू तो तयार करतात. एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक पंडितांनी तर पृथ्वीची व्याख्याच ‘जिला गंध आहे ती’ अशी केली होती. त्यांच्या मते बाकीच्या भूतांना स्वतःचा वास नाही. पाण्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या मातीचा.

अम्मी चुलीजवळ उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, ‘गोवऱ्यांचा वास येतोय.’

आम्हाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संशय. गोवऱ्या तर समोर दिसत होत्या. शिवाय धुराची चुरचुर ही वासाची गोष्ट नाही. नाका-डोळ्यांची झोंबणारी जाणीव वेगळ्या मज्जातंतूची, तो शाबूत असतो. हे सगळे आम्ही वाचलेले होते, आणि वाचलेले माणसाला स्वस्थ बसू देत नाही. इमाम गझालींनी आपल्या आत्मकथनात लिहिलेच आहे की इंद्रियांवर भरवसा ठेवावा तर डोळ्यांना तारा दिनारएवढा दिसतो आणि सावली थांबलेली दिसते, दोन्ही खोटे. तर आम्ही ठरवले, खात्री करून घ्यावी.

मालकांकडून तीन फाये मागितले. एक मातीच्या अत्तराचा, एक नुसत्या चंदनाचा, एक कोरा. अम्मींना डोळे मिटायला सांगितले. पहिल्या फेरीत कोरा त्यांनी बरोबर सांगितला, बाकी दोन उलटसुलट. दुसऱ्या फेरीत कोऱ्या फायालाच ‘माती’ म्हणाल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अम्मींनी डोळे उघडले होते.

‘एवढ्या लांब मला परीक्षेला आणलंत?’

कोणी काही बोलले नाही. मग कारीगर चाचांनी हात पुसत विचारले, ‘आप दोनों बताइए, अभी गली की ख़ुशबू आ रही है?’ आम्ही श्वास घेतला. नव्हती येत. सकाळी ज्या वासाने आम्हाला गल्लीच्या तोंडाशी अडवले होते त्याचा आता मागमूस नव्हता. नाक थकते, तोच वास मिळत राहिला की ते सांगायचे बंद करते. चाचा म्हणाले, मी पन्नास वर्षे इथे काम करतो, मला दुपारनंतर गुलाब कळत नाही, बाहेर जाऊन येतो तेव्हा कळतो.

‘मग गल्लीत वास नाही का?’ अम्मी आम्हाला म्हणाल्या. एवढेच.

रात्री लॉजवर वीज गेली होती. अम्मी इशानंतर मोबाईलच्या उजेडात सूरह यूसुफ वाचत होत्या. ती सूरह आम्हा सगळ्यांना ठाऊक. यूसुफ (अलै.) यांचा सदरा घेऊन काफिला मिसरहून नुकता निघालेला असतो, आणि इकडे कितीतरी दूर बसलेले वृद्ध हजरत याकूब (अलै.) सांगतात की मला यूसुफचा गंध येतो आहे. तुम्ही मला म्हातारचळ लागला असे म्हणणार नसाल तर, अशी पुस्तीही जोडतात. आणि आसपासचे लोक नेमके तसेच म्हणतात, हे अजून जुन्याच भ्रमात आहेत. आजवर ही कथा ऐकताना आम्ही स्वतःला नेहमी याकूब (अलै.) यांच्या बाजूला बसलेले समजत आलो. त्या रात्री आपण खोलीतल्या कोणत्या लोकांत होतो ते कळले.

त्या लोकांची अडचण समजण्यासारखी आहे, हेही खरे. रंगाबद्दल वाद झाला तर वस्तू दोघांपुढे ठेवता येते. आवाज रेकॉर्ड करता येतो. वासाला दाखवायला बोट नाही, त्याला धड नावही नाही. गुलाबाचा, माशाचा, रॉकेलचा, असे मालकाच्या नावाने त्याला ओळखायचे. (मराठीची स्थिती त्यातल्या त्यात बरी. कुबट, खवट, आंबूस, खमंग हे शब्द कोणाच्या नावाने चालत नाहीत.) इब्न सीनांनी आत्म्यावरच्या ग्रंथात वासावर लिहिताना मोठा प्रश्न घेतला आहे: वास म्हणजे वस्तूचे बारीक अंश उडून नाकापर्यंत येतात, की मधली हवाच वस्तूचा गुण घेते? उघडा कापूर उडून जातो तो पहिल्या बाजूचा पुरावा, आणि आजचे शास्त्रही त्याच बाजूचे आहे. नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात हे कळण्याची वाट लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांच्या १९९१ च्या शोधाने मोकळी झाली. त्यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले. पण अंश नाकात पोचला म्हणून वास पोचला असे होत नाही. नाकाकडून निघालेली वाट मेंदूत आठवणींच्या आणि भावनांच्या भागाला फार लवकर भिडते. नाकाने आणले काय आणि आठवणीने घातले काय, हे हुंगणाऱ्यालाही वेगळे काढता येत नाही. मग बाजूला तीन फाये घेऊन उभे राहिलेल्यांना कुठून काढता येणार?

दुसऱ्या दिवशी चाचांनी सकाळी लवकर, उपाशीपोटी बोलावले होते. चुली पेटल्या नव्हत्या. रात्रीचा गारवा अंगणात थोडा शिल्लक होता. त्यांनी अत्तर काढलेच नाही. ढिगातली एक कोरडी चकती उचलली, अर्धी मोडली, अम्मींच्या तळहातावर ठेवली आणि लोट्यातले पाणी तिच्यावर शिंपडले. माती सूं करून पाणी प्यायली. ‘जल्दी मत कीजिए, माँजी.’

अम्मींनी हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. चाचा चूल रचायला निघून गेले. आम्ही विचारायचे नाही असे ठरवले होते आणि विचारले नाही.

‘पूर,’ अम्मी म्हणाल्या.

‘अम्मी, पुराच्या वेळी तर तुम्हाला वास येतच नव्हता.’

‘तो नव्हे. आधीचा. २००५ चा. अब्बा ओट्यावरचा चिखल काढत होते आणि म्हणत होते, एवढं माझं अत्तर फुकट सांडलंय बघ.’

त्या हसल्या, मग पदराने नाक पुसले. आम्ही कोरडी चकती मागितली नाही, डोळे मिटायला सांगितले नाही. त्या वाक्याची गोष्ट आम्हाला यापूर्वी कधी कोणी सांगितलेली नव्हती.

नंतर आम्ही बाजारातून मातीच्या अत्तराची एक शिशी घेतली. पूर्वी कातड्याच्या कुप्प्यांत अत्तर उन्हात ठेवत, उरलेले पाणी कातड्यातून उडून जाई. त्या कुप्प्या अजून मिळतात, पण त्यांच्या दुकानात आम्हा दोघांना कच्च्या कातड्याचा दर्प सोसेना. अम्मी आरामात फिरल्या. वास येतो का, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘छे.’ बाला पीरच्या दर्ग्यावर फातिहा पढून परतीची बस धरली.

शिशी अम्मींनी बॅगेत तळाशी ठेवून दिली. हातात ठेवली ती अर्धी चकती, रुमालात गुंडाळून. गाडीत समोरच्या बाकावर नाशिकचे एक गृहस्थ होते. हे काय, म्हणून विचारल्यावर अम्मींनी त्यांना हुंगायला दिली. त्यांनी दोनदा हुंगली आणि परत करत म्हणाले, ‘याला काहीच वास नाही हो, मावशी.’

अम्मींनी बाटलीचे झाकण उघडले, चकतीवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि ती पुन्हा त्यांच्यापुढे धरली.